दाढ कोणाची?

आठ महिने एका अक्कलदाढेतल्या मूळपेशींना प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधिकेने तान्ह्या बाळासारखं जपलं, आणि शेवटी त्यांच्या चेतापेशी करून दाखवल्या. विभागप्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून एकदा डोकावून पाहिलं, शोधनिबंधावर स्वतःचं एकट्याचं नाव टाकलं आणि तिला काचेची भांडी धुवायला लावलं.

"सर, दाढ कोणाची ते लिहायचं राहिलंय," साबणाचे हात पुसत ती म्हणाली. "तुमचीच लिहू का? विज्ञानासाठी स्वतःची दाढ दिली म्हटल्यावर लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

"बघ, कधीकधी डोकं चालतं तुझं!" सरांनी तिथल्या तिथे सही ठोकली. मग पत्रकारांपुढे त्यांनी दाढ उपटतानाच्या कळांचं असं काही रसभरीत वर्णन केलं, की ऐकणाऱ्यांचेच गाल ठणकायला लागले. सगळ्यात मागे उभी राहून तीही टाळ्या वाजवत होती.

निबंध छापण्याआधी पेशी कोणाच्या, याची तपासणी करायचा नियम होता. आठवड्याभराने तपासनीस अहवाल घेऊन प्रयोगशाळेत आले.

"सर, दाढ नक्की तुमचीच ना?"

"म्हणजे काय! अजून ठणकतेय."



"मग अहवालात या पेशी बाईच्या कशा?" तपासनीसांनी विचारलं, आणि कोपऱ्यात भांडी विसळता विसळता तिने आपल्या अक्कलदाढेच्या रिकाम्या जागेवरून सावकाश जीभ फिरवली.