तीन रंगलेल्या चौकटी

"तुम्ही आधी येऊन गेला आहात," स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. "एकदा नापास झालं की वर्षभर मुलाखत देता येत नाही. सॉरी, मॅडम."

"कधी आले होते? तारीख सांगा."

मुलीने ओळखपत्राचा क्रमांक पुन्हा टाकला. पडद्यावर लाल अक्षरांत 'हो' उमटलं. "तारीख दिसत नाही. फक्त हो किंवा नाही."

"मग हा ब्लूम फिल्टर आहे, नोंदी न ठेवता नुसत्या खुणा ठेवणारा. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांना बोलवा."

शेजारच्या खुर्चीवर तिची नणंद वहिनीच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळत होती. "वहिनी, जाऊ दे ना. दुसरीकडे बघू."

"तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला दुसरीकडून कुणी बोलावलंय?" ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

गटप्रमुख कॉफीचा मग हातात घेऊनच आला. त्याला इथे येऊन दोनच महिने झाले होते. फिल्टर आधीच्या माणसाने बांधलेला.

"मॅडम, यंत्र कशाला उगाच खोटं बोलेल?"

"फळा आहे ना आत?"

मुलाखतीच्या खोलीत तिने फळ्यामागे हात घालून डस्टर काढला, फळा पुसला आणि चौकटींची लांब रांग आखली.

"प्रत्येक उमेदवाराचा क्रमांक यातल्या तीन चौकटी रंगवतो. पुढे कुणी आलं की त्याच्या तीन चौकटी बघायच्या. एक जरी कोरी सापडली, तर तो आलेलाच नाही. पण तिन्ही रंगलेल्या असल्या तर? त्या तीन वेगळ्याच माणसांनी रंगवलेल्या असू शकतात. म्हणजे 'नाही' पक्कं. 'हो' नुसता अंदाज."

"अशी चूक क्वचित होते."

"फिल्टर नवा असताना. यात किती वर्षांचे उमेदवार साठलेत?"

"सगळ्याच वर्षांचे. एकदा घातलेलं काढता येत नाही."

"मग करूनच बघू."

तिच्या मोबाइलमध्ये घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं होती. नवऱ्याचा क्रमांक टाकला. नाही. नणंदेचा. नाही. मुलाचाही नाही. गटप्रमुखाने घड्याळाकडे पाहिलं. तिने आणखी एक क्रमांक टाकायला लावला.

हो.

"हे कोण?"

"सासूबाई. लिफ्टमध्ये पाय ठेवायलाही घाबरतात."

तो खो खो हसत सुटला. "मूळ नोंदी काढल्या असत्या, पण नापास झालेल्यांची माहिती आम्ही तीन महिन्यांनी पुसतो. तुम्हाला अडवायला माझ्याकडे पुरावाच नाही. बसा."

त्याने कॉफीचा मग बाजूला ठेवला आणि नेहमीच्या प्रश्नांचा कागद पुढे ओढला. "कोट्यवधी वापरकर्ते आहेत. नव्या माणसाने निवडलेलं नाव आधी कुणी घेतलंय का, हे क्षणात कसं सांगाल?"

"आधी फिल्टर. तो 'नाही' म्हणाला की काम संपलं. 'हो' म्हणाला तरच मूळ नोंदीत खात्री करायची. आणि तो भरत आला की मोठा बांधायचा. तुमच्यासारखं ठेवायचं नाही."

तासाभराने त्याने हात पुढे केला. "सोमवारपासून या. पहिलं काम, हा फिल्टर दुरुस्त करा."

बाहेर मूल नणंदेच्या खांद्यावर झोपलं होतं. "झालं? काय विचारलं गं?"

"तोच प्रश्न," ती मुलाला अलगद घेत हळूच म्हणाली. "मागच्या वेळी ह्याच खोलीत माझी दातखीळ बसली होती, तो."