आवाज नसलेला डबा

वडगावच्या सुबरावआप्पांनी साड्यांची डिझाइनं कित्येक वर्षं पीसीवरच काढली. गेल्या महिन्यात मात्र माझ्या दुकानातून त्यांनी जेवणाच्या डब्याएवढा मिनी कॉम्प्युटर नेला. मी घरी जाऊन जोडून दिला. आप्पांनी त्याच्यावर हात ठेवून बघितला, मग वाकून कान लावला.

"चालू हाय न्हवं रं, नागेंद्र?"

"हाय की आप्पा. ह्येची मजाच ती. आवाज अजिबात न्हाई."

"लई भारी," आप्पा म्हणाले, पण कान काही काढला नाही.

आठवड्याने जुना पीसी एक्स्चेंजमध्ये घ्यायला गेलो. नव्या डब्यावर आप्पांचं काम झकास चाललं होतं, स्क्रीनवर काठाचे मोर भराभर उमटत होते. टेबलाखाली बघतो तर जुना पीसीपण चालू. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, नुसती वायर लावलेली आणि आतला पंखा घरघरतोय.

"आप्पा, ह्याच्यावर काय चाललंय?"

"काय न्हाई. ऱ्हाऊ दे त्यो. एक्स्चेंज नको."

मला काही उलगडेना. आप्पांच्या पत्नी जयाआक्का पाणी घेऊन आल्या, तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी मागच्या मोकळ्या खोलीकडे मान वळवली. फरशीवर यंत्रमागांच्या पायांचे डाग अजून तसेच होते.

"माग इकल्यापास्नं घरात तेवढंच वाजत हुतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्ये बंद केलं की ह्यांचा हातच चालत न्हाई."