सत्तरीपुढची माणसं

डॉक्टर हेमांगीने दोन वर्षांपूर्वी अकरा अभ्यासांच्या सरासऱ्या एकत्र करून संधिवाताची ती गोळी सुरक्षित ठरवली होती. त्याच भरवशावर तिने सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना, अण्णांना, ती सुरू केली.

आता त्यांतल्या काही अभ्यासांमधल्या एकेका रुग्णाच्या नोंदी हाती आल्या. जुन्या सरासऱ्यांना त्या जोडून तिने गणित पुन्हा मांडलं. एकूण आकडा अजूनही चांगलाच होता. पण सत्तरीपुढच्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. सरासरीत ती माणसं बुडून गेली होती.

अण्णा महिनाभर ज्या डायलिसिसच्या वॉर्डात येत होते, तिथे ती गेली. अण्णांचा सुजलेला हात धरून तिने सगळं सांगितलं.

"अगं, तुला कुठे माहीत होतं?" अण्णा म्हणाले.

"नोंदी तेव्हाही होत्या, अण्णा. मीच मागवल्या नाहीत."

अण्णांनी हलकेच हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.