केबलने ढकललेली टोपी

केबलने पुन्हा टोपी ढकलून दिली होती. कारखान्यातल्या टेबलावर पडलेली ती रबरी टोपी पाहून सुनेत्राचं डोकंच फिरलं. खरचटलं तर स्वतःची साल स्वतःच भरून काढणाऱ्या या जिवंत केबली आल्यापासून दुरुस्तीची कटकट संपली होती. पण कापलेल्या टोकावर काहीही बसवलं, की त्या ते काट्यासारखं बाहेर काढत. अशाच उघड्या पडलेल्या टोकाने वायरमन बाबाजी पिंगळेंचा हात भाजला होता. त्यावरची टोपी सुनेत्रानेच बनवलेली होती.

संध्याकाळी ती त्यांना बघायला दवाखान्यात गेली. हाताबरोबर त्यांच्या मांडीलाही पट्टी होती.

"मांडीला काय झालं, काका?"

"तिथली कातडी काढून हाताला लावली, ताई. दुसऱ्याची टिकत नाही म्हणे."

सुनेत्रा तडक कारखान्यात परतली. तिने एका केबलची थोडी साल सोलली आणि त्याच केबलच्या टोकावर गुंडाळली. काही दिवसांत ती साल टोकाशी घट्ट जुळून आली.

"म्हणजे प्रत्येक केबलला तिचीच साल?" व्यवस्थापक दाभोळकर वैतागले. "मग साच्यातून काढायचं काय? सगळ्यांना बसेल अशी एकच टोपी आणा."

"तशी बसतच नाही, साहेब! किती वेळा सांगू?"

"तोवर रबरी लावून माल जाऊ दे."

सुनेत्रा दार आपटून बाहेर पडली. फाटकाशी केबलची रिळं भरलेला ट्रक सुरू झाला होता. ती सरळ त्याच्या आडवी गेली.

"उतरवा सगळी," ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि पहिल्याच रिळाची टोपी उपटून साल सोलायला बसली.