संशोधन जहाजावरची जागा

"आबा, शपथेवर सांगितलं तरी तुम्हाला खरं वाटायचं नाही," वडिलांच्या लुळ्या हाताला तेल चोळत लेक वैतागून सांगू लागली. संशोधन जहाजावरच्या शास्त्रज्ञाच्या जागेसाठी मुलाखत देऊन ती नुकतीच परतली होती. "जागा समुद्रातल्या प्रवाहांचा अभ्यास करायची आणि विचारतात काय, तर पोहता येतं का? अध्यक्ष असे घोरत होते, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. एक तज्ज्ञ माझ्याच प्रबंधाने वारा घेत बसला होता. ज्याला घ्यायचं ठरलेलं, त्याच्या नावाची पाटी तर आधीच दाराला ठोकलेली, वर धूळसुद्धा साचलेली. असल्या लोकांबरोबर वर्षभर समुद्रावर कोण राहणार? मला नाही घेतलं, तेच बरं झालं."

आबांनी धड हात वर करून तिला थांबवलं.

"पुरे. आजवर जिथं जिथं तुला नाकारलं, तिथून आलीस की दोन दोन दिवस तोंडाला कुलूप असतं तुझ्या," ते करवादले. "आज जीभ एवढी सुटली आहे, म्हणजे त्यांनी घेतलंय तुला. ती तेलाची वाटी ठेव खाली आणि बॅग काढ."