कॅप्टन केळुसकरांचे विनोद

"मंडळी, धारकोटची धावपट्टी लहान आहे, पण आमच्या अंगणापेक्षा मोठी!"

कॅप्टन केळुसकरांचा आवाज आला आणि विमानातली सहलीची सगळी मंडळी हसली. त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, मात्र पट्टा आवळला. कॉकपिटमध्ये कुणीच नव्हतं. केळुसकरांनी या डोंगरातून एकदाही विमान परत फिरवलं नव्हतं, म्हणून ते जिवंत असतानाच कंपनीने त्यांचं मन जसंच्या तसं यंत्रात उतरवून घेतलं होतं. तो आवाज पुन्हा ऐकायलाच तर शालनताई आल्या होत्या.

बाहेर नुसतं ढगांचं पांढरं.

"खिडकीसाठी भांडू नका, दोन्हीकडे डोंगरच आहे!"

पुन्हा हशा. शालनताई हसल्या नाहीत. हा माणूस घाबरला की विनोद करायचा. शेवटच्या ऑपरेशनला नेतानाही त्याने वॉर्डबॉयला हसवलं होतं. आणि पुढचा सुळका ओलांडला की विमान वळवायला जागाच उरत नाही, हेही त्यानेच सांगितलं होतं.

तिसरा विनोद सुरू झाला. शालनताईंनी डोक्यावरचं, कॅप्टनशी बोलायचं बटण दाबलं.

"अहो, परत फिरा."

विनोद अर्धाच राहिला.

"शालन? तू आत आहेस?"

"हो. तुम्हाला दिसतंय का काही?"

सगळ्या विमानाला ऐकू गेलेला तो आवाज कापत होता.

"काहीच दिसत नाहीये गं."

आता कुणी हसलं नाही. विमान परत फिरायला डावीकडे कललं, आणि खिडकीबाहेरच्या पांढऱ्यातून काळा कडा हातभर अंतरावरून सरकत गेला.