भंडाऱ्यातली आगगाडी

"या बारीला रुळावर भंडारा टाकायचा न्हाई," गोरक्षनाथनं सगळ्यांना बजावलं. मग आईकडे वळून म्हणाला, "माय, तू तर दुरूनच पाह्य."

आसराबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

चंपाषष्ठीची आरती नुकतीच संपली होती. खंडोबाच्या सभामंडपात खांबांना वळसे घालत छोट्या आगगाडीचे रूळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. मागच्या उघड्या डब्यात भरीत-रोडग्याचा नैवेद्य होता.

"रेणुका, अजूनबी सांगतो, नैवेद्य हातानं नेऊ," गोरक्षनाथ पुतणीला म्हणाला. "गेल्या साली म्हातारीनं भंडारा उधळला अन् गाडी जागीच थांबली. तवापासून गाव म्हणून राह्यलं, आसराबाईचा हात देवाला चालंना."

"काका, तवा करंट रुळातून येत होता. हळद मधी आली, चाकाला करंट पोचला न्हाई. आता बॅटरी इंजिनाच्या पोटात हाय. रुळात कायच न्हाई."

"अन् थांबली तर?"

"थांबणार न्हाई."

रेणुकानं भंडाऱ्याची वाटी आजीपुढं धरली.

"नगं पोरी."

"आजी, घरी मी रुळावर ज्वारीचं पीठ टाकून पाह्यलंय. पिठातून गेली, हळदीत अडन काय? घे."

आसराबाईंनी डोळे मिटून मूठ भरली आणि उधळली. 'यळकोट' म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. रूळ पिवळे झाले.

रेणुकानं हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. इंजिन त्या पिवळ्यात शिरलं. चाकांमागे रुळांवर दोन बारीक रेघा चमकत गेल्या. पहिला खांब झाला, दुसरा झाला. आसराबाईंच्या पायांपाशी येऊन गाडी थांबली.

"झालं समाधान?" गोरक्षनाथ उंबऱ्यापाशी जाऊन रुळावर एक पाय टेकवून उभा राहिला. नैवेद्य उचलायच्या तयारीनं त्यानं बाह्या सारल्या.

आसराबाईंचे हात पुन्हा पदराकडे गेले.

"मी थांबवली," रेणुका म्हणाली. तिनं रिमोट आजीच्या हातात दिला. "हे बटण दाबून धरायचं. हितून पुढं तू ने."

आसराबाईंनी अंगठा आधी पदराला पुसायला घेतला. मग तसाच, हळदीनं भरलेला, बटणावर टेकवला.

गाडी निघाली. गोरक्षनाथचा पाय अजून रुळावरच होता.

"सरक गोरख," आसराबाई म्हणाल्या. "गाडी येऊन राह्यली."